दुसऱ्यांदा लिहिण्याचा वेळ परत द्या

माध्यमिक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, मुख्याध्यापक आणि परीक्षा विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शिक्षककक्षाच्या फलकावर एक पानी परिपत्रक लागले. शेवटच्या दोन इयत्तांची आठवड्यातून एकदा होणारी ग्रंथालयाची तासिका आणि लेखनासाठी राखलेली जोडतासिका बंद करून त्या वेळात दर आठवड्याला भाषेची एक संपूर्ण सराव परीक्षा घ्यावी, उत्तरपत्रिका चार दिवसांत तपासून गुण संगणकात भरावेत आणि अंतिम परीक्षेपूर्वी अशा २० सराव परीक्षा पूर्ण कराव्यात, असा त्यात आदेश आहे. मागच्या निकालात वाचन आणि लेखन या दोन्ही भागांत मुले मागे पडली, हे त्याचे कारण दिले आहे. कारण खरे आहे. त्यावर काढलेला उपाय मात्र मला मान्य नाही. शिक्षकांच्या बैठकीत मी तसे बोलून दाखवले तेव्हा ‘निर्णय झालेला आहे’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. एका शाळेला दोष देऊन मोकळे होण्याचा माझा हेतू नाही आणि अन्य शाळांत शिकवणारे सहकारीही थोड्याफार फरकाने हेच सांगत असतात.

या विषयाशी माझा संबंध दुहेरी आहे. मी २२ वर्षे माध्यमिक वर्गांना भाषा शिकवते, आणि माझा मुलगा यंदा हीच परीक्षा देणार आहे. त्याची शाळा वेगळी. तिथे साप्ताहिक सराव परीक्षा आमच्या आधीच सुरू झाल्या. परवा त्याच्या दप्तराची आवराआवर करताना तळाशी घडी घातलेल्या ११ उत्तरपत्रिका सापडल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वर्तुळात गुण होते, आत बरोबर-चूकच्या खुणा होत्या, आणि याखेरीज काहीही नव्हते. सारांशलेखनाचा प्रश्न मी सगळ्यांत एकापाठोपाठ एक वाचला. पहिल्या उत्तरपत्रिकेत त्याने उताऱ्यातील मुख्य मुद्दा सोडून लेखकाने दिलेल्या उदाहरणापासून सारांशाची सुरुवात केली होती आणि मुद्दा शेवटच्या ओळीत कसाबसा बसवला होता. अकराव्या उत्तरपत्रिकेतही त्याने नेमके तेच केले होते. पाचपैकी दोन गुण पहिल्यांदा, पाचपैकी दोन गुण शेवटच्यांदा. ‘तुझे काय चुकते आहे, कुणी सांगितले का?’ असे विचारले, तर तो म्हणाला, ‘नाही, पण मला साधारण दोन पडतात.’ त्याच्या लेखी ते दोन गुण ही त्याची उंची किंवा चपलेचे माप असावे तशी गोष्ट झाली होती.

आई म्हणून मला वाईट वाटले आणि शिक्षिका म्हणून लाज वाटली, कारण माझ्याही वर्गात सध्या हेच चालू आहे. माझ्याकडे चार तुकड्या आहेत, प्रत्येकीत ४५ मुले, म्हणजे आठवड्याला १८० उत्तरपत्रिका. एक निबंध लक्ष देऊन वाचायला आणि समासात मुलाला उपयोगी पडतील अशा दोन ओळी लिहायला मला सहा मिनिटे लागतात. म्हणजे नुसत्या निबंधांचेच १८ तास झाले. सारांश, पत्र आणि उताऱ्यावरील प्रश्न त्यात धरलेले नाहीत. हे काम रोजच्या तासिका सांभाळून चार दिवसांत करायचे असेल, तर शिक्षक जे करतो तेच मी केले. निबंधाची लांबी पाहिली, अक्षर पाहिले, पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचला आणि गुण दिले. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण परिपत्रक काढणाऱ्यांना याची कल्पना नसेल, असेही मला वाटत नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की, या निर्णयात परीक्षा घेणे आणि शिकवणे या दोन कामांची गल्लत झाली आहे.

‘वारंवार चाचणी घेतल्याने अभ्यास पक्का होतो हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे वाक्य परिपत्रकात आहे. ते वाक्य निराधार नाही. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. विज्ञानाची व्याख्या, इतिहासातील कारणे, शब्दांचे अर्थ पाठ करताना मुलांनी पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारावेत हे मीही त्यांना सांगते. परंतु त्या प्रयोगात जो उतारा वाचला होता, त्याच उताऱ्यावर आठवड्याने चाचणी झाली होती. भाषेच्या परीक्षेत येणारा उतारा अपठित असतो. मुलाने तो पूर्वी पाहिलेला नसतो आणि सराव परीक्षेतला उतारा पुन्हा येणार नसतो. इथे पक्की व्हायला हवी ती वाचण्याची रीत, आणि रीत ही कुणीतरी समोर बसून वाचून दाखवल्याशिवाय, आपण चुकलो तिथे थांबवल्याशिवाय पक्की होत नाही. चुकीच्या रीतीने २० उतारे सोडवले की चुकीची रीतच पक्की होते. माझ्या मुलाच्या दप्तरातल्या ११ उत्तरपत्रिका त्याला साक्षी आहेत.

ही गल्लत आजची नाही, आणि ती एकट्या व्यवस्थापनांची आहे असेही मी म्हणणार नाही. डोलोरेस डर्किन या अभ्यासक बाईंनी चौथीच्या वर्गांत प्रत्यक्ष बसून वाचनाचे तास कसे जातात याची नोंद केली आणि ती १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केली. ४,४६९ मिनिटांच्या निरीक्षणात ‘वाचलेले समजून कसे घ्यावे’ हे शिकवण्यात गेलेली मिनिटे भरली अवघी २०. उरलेल्यापैकी पुष्कळसा वेळ शिक्षक प्रश्न विचारत होते आणि उत्तर बरोबर की चूक हे सांगत होते. म्हणजे आकलन शिकवले जात नव्हते, तपासले जात होते. आमच्या नव्या वेळापत्रकात तर ती २० मिनिटेही उरलेली नाहीत.

आकलन शिकवणे म्हणजे नेमके काय, असा प्रश्न मला बैठकीत विचारला गेला होता. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, आता देते.

दुसऱ्या सराव परीक्षेत एका दीपगृहाच्या रखवालदाराविषयी उतारा होता. दीपगृहात स्वयंचलित यंत्र बसते, रखवालदाराचे काम संपते, यंत्र किती अचूक आहे याचे वर्णन येते, आणि शेवटच्या परिच्छेदात तो निवृत्त माणूस अजूनही रात्री तीन वाजता उठून खिडकीतून दिव्याचे फेरे मोजतो असे येते. प्रश्न होता, ‘रखवालदाराला यंत्राविषयी काय वाटत होते?’ वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी ‘यंत्र अत्यंत अचूक होते’ हे वाक्य उताऱ्यातून जसेच्या तसे उतरवले. एका मुलीला मी कारण विचारले. ती म्हणाली, ‘बाई, प्रश्नात यंत्र हा शब्द होता, आणि तो याच ओळीत सापडला.’ शब्द शोधायचा आणि ओळ उतरवायची, हीच तिची वाचनाची रीत होती. अनेक प्रश्नांना ती चालते, म्हणून ती टिकते.

नियमानुसार मी त्या उत्तराला शून्य देऊन पुढे जायला हवे होते. त्या दिवशी मी नियम थोडा मोडला आणि व्याकरणाच्या तासिकेत उतारा पुन्हा काढला. शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला आणि विचारले, यंत्र अचूक असेल तर हा माणूस फेरे का मोजतो? एक मुलगा म्हणाला, त्याचा यंत्रावर विश्वास नाही. दुसरी म्हणाली, विश्वास आहे हो, पण इतक्या वर्षांची सवय आहे. तिसरा म्हणाला, त्याला यंत्र चुकायला हवे आहे. वर्ग हसला, पण मला ते उत्तर फार आवडले. तेव्हा मघाचीच मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, ही तिन्ही बरोबर असू शकतात का?’ मी म्हटले, असू शकतात, पण ज्याने त्याने आपले म्हणणे कोणत्या ओळीवरून निघते ती ओळ बोट ठेवून दाखवायची. पुढची २५ मिनिटे मुले तो परिच्छेद असा उलटसुलट वाचत होती, जसा त्यांनी पाठ्यपुस्तकातला एकही धडा वाचलेला मी पाहिला नव्हता. सराव परीक्षेच्या प्रश्नसंचासोबत आलेल्या नमुना उत्तरात मात्र लिहिले होते, ‘रखवालदाराला यंत्राचे कौतुक वाटत होते.’ दोन गुण.

हा काही माझा शोध नव्हे. अक्षर ओळखून सरळ वाचता येते पण अर्थ लागत नाही अशा सातवीच्या मुलांसोबत ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी केलेले काम १९८४ साली प्रसिद्ध झाले. मुलांनी लहान गटात बसून आळीपाळीने शिक्षक व्हायचे, वाचलेल्या भागावर प्रश्न काढायचा, थोडक्यात सांगायचे, न कळलेली जागा उलगडायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा, अशी ती पद्धत आहे. तिला खर्च लागत नाही. तिला लागते ती तासिका, आणि वर्गात बोलण्याची मोकळीक.

दुसरी तक्रार ग्रंथालयाच्या तासिकेची. ‘परीक्षेच्या वर्षात अवांतर वाचन नको’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर चिडणेही सोडले आहे. पण अपठित उतारा कशावरही येतो. कधी समुद्री पक्ष्यांवर, कधी पुलाच्या बांधणीवर, कधी एखाद्या जुन्या साथीच्या रोगावर. ज्या मुलाने त्या विषयाचे दोन परिच्छेद कधीतरी सहज वाचले असतील, त्याला उतारा सोपा जातो. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची समजली जाणारी पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा अधिक समजून गेली. तथाकथित अवांतर वाचन म्हणजे हाच साठा असतो, आणि तो परीक्षेच्या आदल्या महिन्यात करता येत नाही. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत ती मुले तासिका गेली तरी वाचतील. ज्यांच्या घरी नाहीत त्यांचे एकमेव कपाट आपण कुलूप लावून बंद केले आहे.

तिसरी तक्रार लेखनाची आहे आणि तिथे मला थोडे जास्त थांबावे लागेल.

तिसऱ्या सराव परीक्षेत ‘ऐकून घेणे’ या विषयावर निबंध होता. मला स्वतःला तो विषय फार चांगला वाटला. एका तुकडीच्या ४५ निबंधांपैकी २३ निबंधांचे पहिले वाक्य एकच होते, ‘मानवी जीवनात ऐकून घेण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ आदल्या आठवड्यात विषय ‘पाऊस’ होता, तेव्हा मानवी जीवनात पावसाला अनन्यसाधारण महत्त्व होते, आणि त्याच्या आधी वृत्तपत्रांना होते. मी वर्गात ‘अनन्यसाधारण’चा अर्थ विचारला. कुणालाही सांगता आला नाही. दुसऱ्या कशातही सामान्यपणे न आढळणारे, अशा अर्थाचा हा शब्द आहे, आणि तो आमच्या वर्गात जितका सामान्य झाला आहे तितका दुसरा कोणताही नसेल. या मुलांना मी हसत नाही. प्रश्नसंचातील नमुना निबंध तसाच सुरू होतो, वेळ कमी असतो, आणि ते वाक्य लिहिल्याने आजवर कुणाचा गुण कापला गेलेला नाही. मुले शहाणी आहेत. जे चालते ते त्यांनी ओळखले आहे.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाचा निबंध होता. सुरुवातीची ओळ तीच. पण तिसऱ्या परिच्छेदात त्याने लिहिले होते की त्याच्या आजोबांना कमी ऐकू येते, म्हणून घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात, पण त्यांचे म्हणणे कुणी ऐकत नाही. निबंध तिथे सुरू व्हायला हवा होता. मी समासात लिहिले, ‘हे वाक्य पहिले कर आणि आधीचे दोन परिच्छेद काढून टाक.’ पण हे लिहून काय उपयोग? ती उत्तरपत्रिका त्याच्या हाती पडेपर्यंत पुढच्या परीक्षेचा विषय फळ्यावर लागलेला होता. ते वाक्य पहिले करून निबंध पुन्हा लिहिण्यासाठी त्याच्यापाशी एकही तासिका नव्हती. जोडतासिका होती तेव्हा एका तासात मुले मसुदा लिहीत, शेजाऱ्याला वाचून दाखवत, आणि पुढच्या आठवड्यात तोच मसुदा खोडून, जोडून, हलवून दुसऱ्यांदा लिहीत. लिहिणे सुधारते ते त्या दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी मूल काय म्हणायचे आहे ते शोधत असते.

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली किशोरवयीन मुलांच्या लेखनाविषयी झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लेखनाची आखणी, दुरुस्ती आणि पुनर्लेखन कसे करावे हे पायरी-पायरीने शिकवणे आणि वाचलेल्या मजकुराचा सारांश लिहायला शिकवणे, यांचा लाभ त्यात सर्वांत मोठा दिसला. मुलांनी जोडीने किंवा गटाने लिहिण्याचाही चांगला लाभ दिसला. सुटे, निबंधापासून तोडून शिकवलेले व्याकरण मात्र लेखनाला हातभार लावताना दिसले नाही, उलट त्याच्या लाभाचा आकडा शून्याच्या खाली होता. (व्याकरण शिकवूच नये असे मी म्हणत नाही. मुलाच्या स्वतःच्या वाक्यात शिकवावे, एवढेच म्हणते.) नव्या वेळापत्रकात व्याकरणाची तासिका शाबूत आहे आणि पुनर्लेखनाची गेली आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

गुणांविषयी थोडे. हे गुण संगणकात भरले जातात, त्यांचे आलेख निघतात आणि पालकसभेत ते दाखवले जातात. १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी माध्यमिक शाळेतील भाषेची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतली होती. १४२ शिक्षकांनी तिला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण दिले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, पण आमच्या शाळेत दोन शिक्षकांनी एकच निबंध समोर ठेवून ‘याला तुम्ही किती द्याल आणि का’ असे बोलण्यासाठी आजवर एकही बैठक झालेली नाही. चार दिवसांत, घाईने, वेगवेगळ्या हातांनी दिलेल्या गुणांचे आलेख काढून ‘प्रगती’ मोजणे म्हणजे सैल पट्टीने कापड मोजण्यासारखे आहे.

चौथी तक्रार प्रत्येक वर्गातील त्या पाच-सहा मुलांची आहे, जी या वयातही अडखळत वाचतात. १९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. लिपी वाचण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्याजवळच येते. जोडाक्षरापाशी थांबणाऱ्या मुलाला उतारा वाचून पूर्ण होण्याआधीच घंटा ऐकू येते. त्याला दर आठवड्याला पूर्ण पेपर देऊन आपण काय शिकवतो? माझ्या वर्गातला असा एक मुलगा चौथ्या परीक्षेच्या दिवशी आलाच नाही, आणि मला त्याला रागावता आले नाही.

सराव परीक्षा अजिबात नकोत, असे माझे म्हणणे नाही. घड्याळाकडे पाहून प्रश्नांना वेळ कसा वाटावा, आधी काय सोडवावे, अडलेला प्रश्न सोडून पुढे कधी जावे, पुरवणी केव्हा मागावी, हे पूर्ण पेपर सोडवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी चार पुरेत, फार तर पाच. उरलेल्या पंधरांतून मुले जे शिकतात ते म्हणजे स्वतःचा नेहमीचा गुण.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पूर्ण सराव परीक्षा आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा घ्यावी, आणि तिची उत्तरपत्रिका परत दिल्यानंतरची जोडतासिका तीच उत्तरपत्रिका सुधारण्यासाठी राखून ठेवावी. प्रत्येक मुलाने त्यातील एकच प्रश्न, शिक्षकाचा शेरा वाचून, पुन्हा लिहावा. दुसऱ्यांदा लिहिलेले शिक्षकाने वाचावे, आणि गुण भरायचेच असतील तर त्या दुसऱ्या लेखनाचे भरावेत. माझ्या सर्व मागण्यांत ही पहिली आहे. बाकीच्या नाकारून हीच एक मान्य केलीत तरी मी समाधान मानीन.

उरलेल्या आठवड्यांत पूर्ण पेपराऐवजी एकच छोटा उतारा घेऊन वर्गात तो एकत्र वाचण्याची मुभा द्यावी. त्या दिवशी गुण नकोत.

ग्रंथालयाची तासिका शेवटच्या इयत्तेसाठीही सुरू ठेवावी. मुलाने काय वाचावे याची यादी करू नये.

निबंध, पत्र आणि सारांश यांना गुण कशाचे मिळतात, हे साध्या शब्दांत लिहून सत्राच्या आरंभीच मुलांच्या हाती द्यावे. आज ते निकष परीक्षा विभागाच्या कपाटात असतात आणि मुलांना ते अंदाजाने ओळखावे लागतात. प्रत्येक परीक्षेच्या आधी भाषाशिक्षकांनी एकत्र बसून तीन-चार उत्तरपत्रिका समोर ठेवून तपासाव्यात. एका तासाचे काम आहे. नमुना उत्तरे द्यायचीच असतील तर एका प्रश्नाची तीन वेगवेगळी चांगली उत्तरे द्यावीत, म्हणजे उतरवून घेण्यासारखे एक असे काही उरणार नाही.

अडखळत वाचणाऱ्या मुलांना सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रत्येकाला स्वतंत्र बसवून मोठ्याने वाचायला लावून ओळखावे आणि त्यांच्यासाठी रोजची २० मिनिटे वेगळी काढावीत. तोवर त्यांना पूर्ण पेपर देऊ नये. त्यांचे गुण फलकावर लावू नयेत. खरे तर कुणाचेच लावू नयेत.

याच्या बदल्यात आम्ही काय देणार, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. महिन्याच्या एका परीक्षेच्या १८० उत्तरपत्रिका मी मन लावून तपासून, प्रत्येकीत निदान एक उपयोगी वाक्य लिहून परत देईन. चार दिवसांत नाही, दोन आठवड्यांत. पुनर्लेखनाच्या वह्या तपासायला वेगळा भत्ता किंवा सवलत मागणार नाही. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाचे पहिले आणि अखेरचे लेखन शेजारी ठेवून आपल्याला दाखवीन. एवढे करून निकाल वाढेलच असे मी लिहून देऊ शकत नाही. २० सराव परीक्षांनी तो वाढेल असेही कुणी लिहून दिलेले नाही.

येत्या आठवड्यात आमच्या शाळेत पाचवी सराव परीक्षा आहे. ती मी ठरल्याप्रमाणे घेईन, उत्तरपत्रिका मुदतीत तपासीन आणि गुणही भरीन, कारण आदेश मोडण्यासाठी मी हे पत्र लिहिलेले नाही. मात्र सहाव्या परीक्षेच्या दिवशी नवा पेपर न देता पाचव्या परीक्षेतील सारांश मुलांकडून पुन्हा लिहून घेण्याची परवानगी मागणारा अर्ज मी कार्यालयात दिला आहे. त्याचे लेखी उत्तर त्या दिवसापूर्वी मिळावे, ही विनंती.

आपली,
एक भाषाशिक्षिका आणि यंदाच्या एका परीक्षार्थीची आई